आरव म्हणजे शांत? नावांचे अर्थ सांगणाऱ्या एका ॲपचे परीक्षण

गेल्या वर्षी माझ्या भाचीला डब्लिनमध्ये मुलगी झाली आणि तिच्यासाठी नाव शोधण्याचे काम, कोणी रीतसर सोपवले नसतानाही, माझ्याकडे आले. माझी सारी नोकरी कोशांची आणि क्रमिक पुस्तकांची मुद्रिते तपासण्यात गेली, त्यामुळे घरात शब्दाचा काही प्रश्न निघाला की तो फिरत फिरत माझ्यापुढे येतो. "मामा, तुझ्याकडे एवढे कोश आहेत, तूच बघ," असे म्हणून भाचीने अटीही सांगून टाकल्या. नाव आयरिश शेजाऱ्याला उच्चारता यावे, नाशिकच्या पणजीला त्या नावाने हाक मारता यावी, अर्थ चांगला असावा आणि वर्गात त्याच नावाच्या आणखी दोघी नसाव्यात. माझ्याकडचे कोश मराठी आणि संस्कृतचे. जगभरातली नावे त्यांत कुठून मिळणार? म्हणून जगातील दुर्मीळ नावे, त्यांचे अर्थ आणि त्यांचे मूळ मराठीतून सांगण्याचे आश्वासन देणाऱ्या एका ॲपची वर्षाची वर्गणी मी ८९९ रुपयांना घेतली आणि पुढचे तीन आठवडे ते कसून वापरले. ॲपचे नाव इथे देत नाही, कारण ज्या चुका सांगणार आहे त्या त्या एकाच ॲपच्या मालकीच्या नाहीत. अशा बहुतेक ॲपमध्ये आणि फुकट संकेतस्थळांवर त्याच नोंदी, त्याच शब्दांत, एकमेकांवरून उतरवलेल्या दिसतात.

आधी जमेची बाजू सांगतो. ॲप खरोखर मराठीत आहे; फक्त बटणे मराठीत आणि मजकूर इंग्रजीत, असा प्रकार नाही. पैसे भरल्यावर जाहिराती पूर्ण थांबतात. देश, भाषा, आद्याक्षर, अक्षरसंख्या आणि मुलगा-मुलगी अशी गाळणी लावता येते, आवडलेली नावे वेगळी ठेवून घरातल्या दुसऱ्या कोणाला पाठवता येतात, आणि त्याने त्यावर खूण केली की आपल्याला कळते. आमच्याकडे पुणे, नाशिक आणि डब्लिन अशा तीन ठिकाणांहून ही खुणा-खुणी चालली होती आणि त्यात कुठेही गोंधळ झाला नाही. अक्षरे मोठी करता येतात, हेही माझ्या वयाच्या माणसाला सांगावेसे वाटते.

मजकूर तपासताना मी मुद्रितशोधकाचीच पद्धत वापरली. ज्या नावांचे मूळ मला पक्के ठाऊक आहे ती आधी काढली, त्यावरून ॲपचा हात कसा आहे ते पाहिले आणि मगच अनोळखी नावांकडे वळलो. सुरुवात घानापासून केली. तिथल्या अकान समाजात मूल ज्या वारी जन्मले त्या वारावरून नाव ठेवण्याची रीत आहे: शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे, मुलगी असेल तर शुक्रवारची अफुआ किंवा एफुआ आणि शनिवारची आमा. संयुक्त राष्ट्रांचे माजी महासचिव कोफी अट्टा अन्नान यांचा जन्म ८ एप्रिल १९३८चा, आणि त्या दिवशी शुक्रवारच होता. त्यांच्या नावातला 'अट्टा' हा शब्द जुळेपणा सांगतो; त्यांच्या जुळ्या बहिणीचे नाव अर्थातच एफुआ. ॲपने कोफीचा अर्थ 'शुक्रवारी जन्मलेला' असा अचूक दिला, अकान हे मूळही बरोबर सांगितले. आपल्याकडच्या सोमा, मंगळ्या, बुध्या, सुकऱ्या या नावांशी याचे किती सख्य आहे हे ॲपला सांगता आले असते, पण ती अपेक्षा बाजूला ठेवू. मात्र बाळाची जन्मतारीख आधीच भरून घेतलेली असताना मंगळवारी जन्मलेल्या मुलीला 'तुमच्यासाठी खास' म्हणून शनिवारची आमा सुचवणे हे अर्थ माहीत असूनही न समजल्याचे लक्षण आहे.

बालीची नावेही ठीक निघाली. तिथे पहिल्या अपत्याला वायान, दुसऱ्याला माडे, तिसऱ्याला न्योमान आणि चौथ्याला केतुत म्हणतात, आणि पाचवे झाले तर पुन्हा वायानपासून सुरुवात होते. यातला 'माडे' म्हणजे आपला 'मध्य'च. नायजेरियातील योरुबा लोकांमध्ये जुळ्यांपैकी आधी जन्मलेले मूल ताइवो, म्हणजे जगाची चव घेऊन पाहणारे, आणि मागून आलेले केहिंदे. हेही ॲपने नीट दिले आहे. मात्र योरुबा समजुतीप्रमाणे मागून आलेला केहिंदेच थोरला मानतात, कारण जग कसे आहे ते पाहून ये म्हणून ताइवोला त्यानेच पुढे पाठवलेले असते, ही या जोडीतली खरी गोड गोष्ट नोंदीत नाही. तरी इथवर मी समाधानी होतो आणि भाचीला तसे कळवलेही.

मग आयरिश नावांकडे आलो आणि पहिला खडा लागला. 'स्वातंत्र्य' असा अर्थ असलेले आणि विसाव्या शतकात रूढ झालेले एक सुंदर आयरिश नाव ॲपमध्ये 'साओइर्से' असे छापले आहे. डब्लिनमध्ये या नावाने हाक मारली तर कोणी वळून पाहणार नाही, कारण उच्चार 'सीर्शा' किंवा 'सर्शा' असा होतो. 'नियाम्ह' म्हणून दिलेले नाव प्रत्यक्षात 'नीव' आहे, आणि 'सिओभान' हे 'शिवॉन'. आयरिश लिपीव्यवहारात ब किंवा म या अक्षरापुढे ह जोडला की त्याचा बहुधा व होतो. हा एक नियम कळला तरी निम्मी नावे सुधारतील. पण ॲप तयार करणाऱ्यांनी रोमन अक्षरांवरून यंत्राकडून देवनागरी करून घेतलेली दिसते. मेक्सिकोतील नाहुआत्ल भाषेतले 'फूल' या अर्थाचे नाव 'क्सोचित्ल' असे छापले आहे. तिथे ज्या अक्षराला आपण क्स समजतो त्याचा उच्चार श आहे. देवनागरीसारखी उच्चाराला जवळची लिपी हाताशी असताना तिचा असा उपयोग करणे म्हणजे घरात चक्की असून दळण गावाबाहेर नेण्यासारखे आहे. उच्चार ऐकवण्याची जी सोय आहे तीही त्याच चुकीच्या देवनागरीवरून बोलते, त्यामुळे 'साओइर्से' हे ॲप ठासून, स्वच्छ स्वरात उच्चारते.

या यांत्रिक लिप्यंतराचा दुसरा परिणाम आपल्याच ओळखीच्या नावांवर झाला आहे. १९४६ ते २०१६ असे सत्तर वर्षे थायलंडच्या गादीवर असलेल्या राजांचे नाव ॲपमध्ये 'भुमिबोल अदुल्यादेज' असे आहे. हेच नाव मूळ लेखनाप्रमाणे ठेवले तर 'भूमिबल अतुल्यतेज' होते, आणि मग अर्थ सांगण्याची गरजही उरत नाही. इंडोनेशियाच्या 'सुकर्नो'मध्ये महाभारतातला कर्ण आहे, हे मराठी वाचकाला एका अक्षराच्या फरकाने दिसले असते.

यानंतर मी मुद्दाम अशी नावे काढली ज्यांचा जन्म कागदावर झाला. व्हेनेसा हे नाव जोनाथन स्विफ्टने घडवले. एस्थर व्हॅनहोम्री या मैत्रिणीच्या आडनावातला 'व्हॅन' आणि एस्थरचे लाडके रूप 'एसा' एकत्र करून त्याने ते तिच्यावरच्या कवितेत वापरले आणि ती कविता १७२६ साली प्रसिद्ध झाली. स्विफ्ट डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलचा डीन असल्यामुळे भाचीसाठी हे नाव गावचेच म्हणायला हवे. ॲप मात्र सांगते: 'मूळ ग्रीक, अर्थ फुलपाखरू.' फुलपाखरांच्या एका प्रजातिगटाला फाब्रिसियस या शास्त्रज्ञाने व्हेनेसा हे नाव दिले ते १८०७ साली, म्हणजे कवितेनंतर ऐंशीहून अधिक वर्षांनी. नातवाच्या नावावरून आजोबांचे बारसे करावे तसे हे झाले.

इमोजेन या नावाची कथा तर माझ्या धंद्यातल्या माणसाला विसरताच येत नाही. शेक्सपिअरच्या नाटकांचा जो पहिला संग्रह १६२३ साली छापला गेला त्यात 'सिंबेलीन' नाटकाच्या नायिकेचे नाव इमोजेन असे आहे. पण १६११ साली ते नाटक प्रत्यक्ष पाहिलेल्या सायमन फोर्मन याने आपल्या टिपणात तिला इनोजेन म्हटले आहे. त्यामुळे रोमन लिपीतले दोन न (nn) जुळवण्याऐवजी खिळे जुळवणाऱ्याने म (m) जुळवला आणि त्या चुकीतून एक नवे नाव इंग्रजीला मिळाले, असे अनेक अभ्यासक मानतात. चारशे वर्षे मुली त्या चुकीने हाक मारल्या जात आहेत आणि कोणाचे काही बिघडलेले नाही. ॲपमध्ये अर्थाच्या रकान्यात 'निष्पाप' असे आहे आणि मूळाच्या रकान्यात 'लॅटिन'. नावाची एवढी रसाळ हकीकत समोर असताना हे दोन कोरडे शब्द वाचून मला खरोखर वाईट वाटले.

झेवियर या नोंदीवर मी जरा रेंगाळतो, कारण ते नाव गोव्यात आणि वसईत घराघरांत आहे आणि निदान तिथे तरी चूक व्हायला नको होती. ॲपचा अर्थ: 'तेजस्वी.' मूळ: 'अरबी.' वास्तविक हे गावाचे नाव आहे. सेंट फ्रान्सिस झेवियर १५०६ साली नावार्रा प्रांतात ज्या गढीत जन्मले तिचे नाव झेवियर, आणि ते आले बास्क भाषेतल्या 'एचे' म्हणजे घर आणि 'बेरी' म्हणजे नवे या दोन शब्दांवरून. म्हणजे जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बॅसिलिकात ज्यांचे शव आहे त्या संताच्या नावाचा आपल्याकडचा सख्खा भाऊ शोधायचा तर तो 'नवघरे' या आडनावात सापडेल. मराठी वाचकाला हे सांगितले तर तो आयुष्यभर विसरणार नाही. 'तेजस्वी' मात्र तो दुसऱ्या दिवशी विसरेल, कारण या ॲपमध्ये निम्मे जग तेजस्वी आणि उरलेले शूर आहे.

तसेच सॅम्युअलच्या बाबतीत. मूळ हिब्रू, हे बरोबर. पण मराठीच बोलणाऱ्या बेने इस्राएल या ज्यू समाजात हेच नाव कोकणात 'सामाजी' झाले होते, आणि मुंबईचे पहिले सिनेगॉग १७९६ साली बांधणारे सॅम्युअल इझिकेल दिवेकर हे सामाजी हसाजी दिवेकर म्हणूनही ओळखले जात, याचा मागमूस या मराठी ॲपमध्ये नाही. दिवेआगरवरून दिवेकर आणि सॅम्युअलवरून सामाजी, असे समुद्र ओलांडून आलेले नाव आपल्याच भाषेत मुरलेले असताना ते वगळून जगभरच्या नावांचा दावा करायचा, हे मला पटत नाही.

आता ज्या नोंदीमुळे माझा संयम सुटला तिच्याकडे येतो. ॲपमध्ये 'अर्थपत्रक' नावाची एक जादा सोय आहे. १४९ रुपये वेगळे भरले की बाळाचे नाव, अर्थ आणि मूळ सोनेरी वेलबुट्टीत छापलेला जाड कागद घरी येतो आणि तो बारशाच्या दिवशी पाळण्याला लावता येतो. नमुना म्हणून मी शेजारच्या घरातल्या आरवसाठी एक मागवला. चार दिवसांत तो सुबक पाकिटातून आला आणि त्यावर ठळक अक्षरांत छापले होते: 'आरव, शांत.' आपट्यांचा संस्कृत कोश उघडला तर आरव म्हणजे आवाज, ओरडा, आक्रोश. धातूच मुळी 'रु', म्हणजे आवाज करणे. त्याच घरातला 'रव' आपण रोज वापरतो. शेजारचा आरव चार वर्षांचा आहे आणि कोशाशी पूर्णपणे प्रामाणिक आहे, त्यामुळे पत्रक पाहून त्याची आई हसली एवढेच. पण ज्यांनी तो अर्थ खरा मानून कागद चौकटीत लावला असेल त्यांचे काय? सोनेरी छपाईने चुकीच्या शब्दाला जे वजन येते ते पडद्यावरच्या ओळीला येत नाही.

संस्कृत म्हणून दिलेल्या नावांत अशी पुष्कळ गडबड आहे. 'रेयांश' म्हणजे 'सूर्याचा अंश' असे म्हटले आहे. पण रवि आणि अंश यांचा संधी शाळेत शिकल्याप्रमाणे 'रव्यंश' असा होतो, तो कोणत्याही वाटेने 'रेयांश'पर्यंत पोचत नाही. नवे नाव घडवायला माझा विरोध नाही, स्विफ्टनेही तेच केले; फक्त नव्याला नवे म्हणावे, त्याच्या पाठीवर विष्णुसहस्रनामाचा शिक्का मारू नये. 'अनिका'च्या नोंदीत 'मूळ संस्कृत, अर्थ कृपा' असे आहे. संस्कृतात 'अनीक' म्हणजे मुख, तेज आणि विशेषतः सैन्य. 'कृपा' हा अर्थ स्वीडनकडच्या 'अनिका'चा आहे, जे ॲना या नावाचे लाडके रूप आहे आणि ज्याचे मूळ हिब्रू हन्नामध्ये आहे. एका नावाचे मूळ आणि दुसऱ्याचा अर्थ जोडून तिसरीच नोंद तयार झाली आहे. न्यायाने वागायचे तर 'विहान' म्हणजे पहाट हे मात्र बरोबर आहे.

एकाच ध्वनीखाली अनेक भाषांतली नावे एकत्र येतात ही या विषयातली सगळ्यात मजेदार आणि सगळ्यात धोक्याची जागा. 'कियारा' घ्या. इटलीत हे नाव क्यारा असे उच्चारतात आणि त्याचा अर्थ स्वच्छ, उजळ. असिसीच्या संत क्लेअर यांचे इटालियन नाव तेच. आयर्लंडमध्ये जवळपास त्याच अक्षरांचे नाव 'किअरा' असे उच्चारतात आणि ते 'कियर', म्हणजे काळा, या शब्दावरून आले आहे. अर्थ एकमेकांच्या अगदी उलटे. ॲपने नोंद एकच ठेवून 'उजळ, काळ्या केसांची' असे दोन्ही अर्थ स्वल्पविराम घालून दिले आहेत. जणू एकाच मुलीचे ते वर्णन असावे.

आमच्या यादीत 'इरा' बरीच वर होती. संस्कृतात इरा म्हणजे पृथ्वी, वाणी, अन्न आणि पेयही, आणि त्या पेयात मद्यही येते, हे मी भाचीच्या सासूबाईंना सांगितले नाही. हिब्रूत इरा हे पुरुषाचे नाव असून त्याचा अर्थ जागरूक. रशियात ते इरीनाचे घरगुती रूप, आणि इरीना ग्रीकमधल्या शांतीवरून. ॲपने यातला पहिला आणि तिसरा अर्थ दिला होता आणि नावाला पाचपैकी पाच तारे दिले होते. शेवटी ते नाव खोडले जावयाने, आणि कारण कुठल्याच कोशात नव्हते. "तिकडच्या अर्जांवर नाव मोठ्या अक्षरांत लिहितात," तो म्हणाला, "आणि ही तीन अक्षरे आयर्लंडमध्ये मोठ्या लिपीत लिहिली की लोक आयरिश रिपब्लिकन आर्मी, म्हणजे तिथली सशस्त्र संघटना, असे वाचतात." ज्या देशात मूल वाढणार तो देश ॲप सुरुवातीलाच विचारून घेते. त्या माहितीचा उपयोग ते फक्त ध्वज दाखवायला करते.

मला सर्वात जास्त खटकले ते ॲपमध्ये काय नाही ते. वाईट अर्थाचे एकही नाव तिथे सापडत नाही, आणि दुर्मीळ नावांचा खरा खजिना तर तिथेच आहे. मंगोलियात 'नेरगुई' म्हणजे 'नाव नाही', 'एनेबिश' म्हणजे 'हा नव्हे' आणि 'हुनबिश' म्हणजे 'माणूस नव्हे' अशी नावे माणसांना असतात. आधीची मुले दगावली की पुढच्याला असे नाव ठेवायचे, म्हणजे त्याला न्यायला आलेली दुष्ट शक्ती चकते आणि परत जाते. योरुबा लोकांत अशाच मुलाला 'मालोमो', म्हणजे पुन्हा जाऊ नकोस, किंवा 'कोकुमो', म्हणजे आता मरणार नाही, असे नाव ठेवतात. चीनच्या खेड्यांत 'कुत्र्याने टाकलेले' अशा अर्थाचे घरगुती नाव मुलाला देत. हे वाचताना मराठी माणसाला दगडू, धोंडू, केरू, उकिर्डा आणि भिकाजी आठवले नाहीत तरच नवल. दगडाला कोण नेणार, केराला कोण दृष्ट लावणार, आणि भीक मागून मिळालेले मूल देव परत कसे मागेल, असा त्यामागचा आईचा हिशेब. महर्षी कर्व्यांच्या 'धोंडो' या नावाकडे पाहिले की १८५८ सालच्या कोकणात मूल जगणे किती बेभरवशाचे होते ते आठवते. ते एकशे चार वर्षे जगले.

ॲपमध्ये 'धोंडू' शोधले तर 'नाव सापडले नाही, याऐवजी ध्रुव पाहा' असे येते. 'नकुशी' शोधले तर 'नक्षत्रा' सुचवले जाते. नकुशी हे दृष्ट टाळण्याचे नाव नव्हे; मुलगी नको होती एवढेच ते सांगते, आणि साताऱ्यात २०११च्या ऑक्टोबरमध्ये या नावाच्या २००हून अधिक मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली तेव्हा त्यांतल्या काहींनी ती स्वतः निवडली होती. कोणी बाळासाठी हे नाव शोधणार नाही, हे मला कळते. पण जो कोश 'मूळ' सांगण्याचे पैसे घेतो त्याने नाव कशासाठी ठेवले गेले हे सांगायला हवे; शब्दाचा अर्थ ही त्यातली फार तर पहिली ओळ झाली. दगडूचा शब्दार्थ दगड आणि नेरगुईचा शब्दार्थ अनाम, पण दोन्ही नावांत दोन आया एकच गोष्ट म्हणत आहेत, आणि तीच नेमकी या ॲपच्या रकान्यांत मावत नाही.

राशीच्या अक्षराची गाळणी हा पैसे देऊन मिळणारा मुख्य भाग म्हणून जाहिरातीत दाखवला आहे. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर, असा १०८ अक्षरांचा हिशेब आपल्याला परिचित आहे. बाळाचा जन्म हस्ताच्या चौथ्या चरणावर, अक्षर ठ. ॲपने तत्परतेने थिओडोरा, थालिया आणि थिआ ही नावे पुढे केली. रोमन लिपीत ठ आणि थ एकाच वेशात फिरतात, आणि ॲप पोटात सारे काही रोमनमध्येच ठेवते हे इथे पक्के झाले. हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ण येतो. तो घालून पाहिला तर नोराह, नादिया आणि निकोल अशी यादी आली. तसे पाहिले तर नावरसाचे नाव पत्रिकेत आणि हाकेचे नाव वेगळे, अशी सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवल्यामुळे कोणाचे अडत नाही. पण मग या सोयीचे पैसे कशाला?

थिओडोरावरून एक गोष्ट मात्र सुचली जी अशा ॲपने खरोखर करायला हवी. थिओस म्हणजे देव आणि दोरोन म्हणजे देणगी. म्हणजे थिओडोर हा आपला देवदत्त. स्लाव्ह भाषांतला बोगदान तोच, आणि फारसीतला खोदादादही तोच, ज्या नावाचे सर्कल दादरला बसमधून हजारो माणसे रोज पाहतात. एखादा अर्थ घालावा आणि तो जगाच्या कोणकोणत्या भाषांत नाव होऊन बसला आहे ते समोर यावे, असा शोध मिळाला असता तर मी दुप्पट वर्गणी भरली असती. सध्याच्या अर्थशोधात 'देवाने दिलेला' असे घातले तर फक्त देवदत्त आणि, का कोण जाणे, डेव्हिड येतो.

जपानी विभागाबद्दल थोडक्यात सांगतो. 'युकी, बर्फ' एवढीच नोंद आहे. जपानीत नावाचा अर्थ आवाजात नसून ते कोणत्या चिन्हाने लिहिले यात असतो. युकी एका चिन्हाने बर्फ होते, दुसऱ्याने सौख्य. चिन्ह न दाखवता अर्थ सांगणे तिथे शक्यच नाही, त्यामुळे हा सबंध विभाग माझ्या मते काढून टाकावा.

पैशांच्या हिशेबाने पाहिले तर नावे गोळा करण्यासाठी आणि दूरच्या नातेवाइकांत ती फिरवून मते घेण्यासाठी हे ॲप सोयीचे आहे, आणि एका महिन्याची वर्गणी मिळत असती तर तेवढ्यासाठी मी ती घ्या असे म्हटले असते. पण वर्गणी वर्षाचीच आहे, तर नाव ठरवायला लोकांना फार तर नऊ महिने आणि बारा दिवस लागतात. वर्ष संपल्यावर ती आपोआप पुढे चालू होते. ती बंद करण्याचे बटण 'माझे खाते'मध्ये नसून 'मदत'मध्ये सगळ्यात खाली आहे. अर्थ आणि मूळ यांसाठी मात्र त्यावर विसंबू नये. संस्कृत नावांसाठी आपट्यांचा आणि मराठीसाठी मोल्सवर्थचा कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट चाळता येतो, आणि आयर्लंडमध्ये कोणते नाव किती मुलांना ठेवले गेले ते तिथले सांख्यिकी कार्यालय दर वर्षी जाहीर करते. अप्पा बळवंत चौकातून मी १२० रुपयांची एक बाळनावांची पुस्तिकाही आणली होती. तिच्यात आरव नाहीच, त्यामुळे तो चुकायचा प्रश्न आला नाही.

मुलीचे नाव शेवटी तारा ठेवले. दुर्मीळपणाची अट भाचीनेच मागे घेतली. नाशिकची आत्या व्हिडिओ कॉलवरून बाळाच्या कानात, म्हणजे फोनच्या कानात, कुर्रर्र करून मोकळी झाली. डब्लिनच्या वायव्येला मीथ परगण्यात तारा नावाची टेकडी आहे, आयर्लंडचे प्राचीन राजे तिथे राज्यावर बसत, आणि त्या नावाचा आपल्या चांदणीशी काही संबंध नाही. दोन्हींकडच्या लोकांना नाव आपलेच वाटते. ॲपमध्ये टेकडीचा उल्लेख नाही.

मी एकूण अकरा चुका आधारांसह लिहून ग्राहक सेवेकडे पाठवल्या. दुसऱ्याच दिवशी आभाराचे पत्र आले, आणि सुमारे दीड महिन्याने पाहिले तेव्हा त्यांतली एक दुरुस्त झालेली होती. झेवियरच्या नोंदीत आता लिहिले आहे: 'तेजस्वी, नवे घर.'